ओचेनच्या मातीची बातमी

"मी मेलोय, असं तूच सांगितलंस ना गं?"

दारात ओचेन उभा. घामाने निथळलेला, सायकल अंगणात आडवी टाकलेली. माइकसमोर बसलेल्या अमोंगीने निधनवार्तेची चिठ्ठी पुन्हा उचलून पाहिली. गावच्या त्या चिमुकल्या रेडिओवर सकाळी पिकांच्या रोगांमागचं विज्ञान तीच समजावायची, संध्याकाळी पुढाऱ्यांची सालटीही तीच काढायची. पण निधनवार्ता वाचताना आजवर ती कधी चुकली नव्हती.

"काका, चिठ्ठीत नुसतं ओचेन लिहिलं होतं..."

"अगं, जुळ्यातला धाकटा म्हटला की तो ओचेनच! आपल्या लांगो मुलखात गावागणिक सापडेल एक. तुला मारायला मीच बरा सापडलो? घरी माणसं रडायला जमलीत. बायको सांगून दमली, तर म्हणतात, रेडिओ खोटं बोलेल का!"

चूक अमोंगीचीच होती. 'आपले लाडके ओकेमेवादक' हे तिने पदरचं जोडलं होतं, वर त्याचं गाणंही लावलं होतं. लोखंडी पट्ट्या अंगठ्याने छेडायचं ते ओकेमे ओचेन आणि त्याचा जुळा भाऊ ओपियो जोडीने वाजवत. मग निवडणूक आली. याच रेडिओवरच्या चर्चेत दोघं दोन पक्षांकडून भांडले, आणि अख्खा जिल्हा ऐकत असताना ओपियो म्हणाला, "तुझ्या मातीलासुद्धा येणार नाही!" तो सरोवरापलीकडे निघून गेला. ओचेनने त्यानंतर ओकेमेला हात लावला नाही.

"आत्ताच्या आत्ता सांग, मी जिवंत आहे म्हणून!"

अमोंगीने माइक पुढे ओढला. तेवढ्यात फोन वाजला. सवयीने तिने तो थेट प्रसारणात घेतला.

"ओपियो बोलतोय." आवाज फाटला होता. "मी पोचेपर्यंत माझ्या भावाला पुरू नका. थोरला मी आहे. निघालोय मी."

फोन बंद झाला. अमोंगी पुन्हा माइककडे वळली, तसा ओचेनने तिचा हात धरला.

"थांब, पोरी. तो येईपर्यंत मला मेलेलाच राहू दे."

चिठ्ठी देणाऱ्याला फोन करून अमोंगीने खरोखर वारलेल्या ओचेनचं गाव आणि दफनाची वेळ विचारून घेतली आणि रेडिओवर नीट वाचली. आपल्या ओचेनबद्दल चकार शब्द काढला नाही.

दिवस कलताना ओपियो आला. होडीतून उतरलेला, पाय चिखलाने भरलेले, काखेत पोत्यात गुंडाळलेलं ओकेमे. घरच्या अंगणात आंब्याखाली ओचेन उकडलेलं रताळं खात बसला होता. शेजारी अमोंगी, जीव मुठीत धरून.

ओपियो जागीच थबकला. भावाला खालून वर न्याहाळलं. मग ओकेमे खाली ठेवून डोळे पुसू लागला. अमोंगी माफी मागायला उठली.

"बस गं," ओचेन म्हणाला. "तुझे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत."

ओपियो भावाशेजारी टेकला. त्याच्या हातातलं रताळं मोडून अर्धं स्वतः घेतलं.

"तुझ्या मातीला येणार नाही म्हणालो होतो," तो म्हणाला. "बघ, नाहीच आलो."