नावाशिवाय धवला

“नाव नसल त तोंड उघडू नको गो पोरी.”

धवले शिकवणाऱ्या काशीआत्याचा तो आवाज वेणूच्या कानात पन्नास वर्षं तसाच राहिला होता, खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यासारखा, जरासा खारा. धवला म्हणजे लग्नाचं गाणं. नवरीचं नाव, नवऱ्याचं नाव घातल्याशिवाय ते म्हणायचं नाही. आणि एकदा नावं घालून म्हटलं, की लग्न लागलंच पाहिजे.

“अगं आजी, पण फोनचं थोडंच लग्न लावायचंय?” रिद्धी म्हणाली. “रेकॉर्ड करायचं, यूट्यूबवर टाकायचं. बस.”

“मंग फोनलाच सांग गायाला.”

अंबरनाथ पश्चिमेच्या त्या तिसऱ्या मजल्यावर आठवडाभर हेच चाललं होतं. वेणू धवलारीण. आगऱ्यांच्या कितीतरी मांडवांत तिने नवऱ्या पोरींना हळद गाऊन चढवली. आता मांडवात डीजे येतो. तिचे धवले कुठे लिहिलेले नव्हते. होते ते तिच्या गळ्यात. आणि त्याच गळ्यात गाठ निघाली होती. साधीच आहे, डॉक्टर म्हणाले. पण मंगळवारी ती काढल्यावर आवाज असाच राहील, असं मात्र म्हणाले नाहीत.

मग रिद्धीने दुसरी वाट धरली. आधी आजीला फोनची गोडी लावायची, मग अलगद गाणं काढून घ्यायचं. तिने आपला जुना फोन, आतल्या सगळ्या नंबरांसकट, आजीच्या हातात ठेवला.

गोडी लागली, पण आजीच्या रीतीने. गावाहून विठाने, तिच्या धाकट्या बहिणीने, आवाज भरून पाठवला तर वेणू त्यालाच म्हणाली, “बरी हाय गो, तू कशी हास?” आणि उत्तराची वाट बघत बसली. एका डीजेवाल्याच्या व्हिडिओला चुकून अंगठा गेला, तर दुपारभर रिद्धीच्या मागे, “माझा आंगठा परत आन.”

“हे बघ, इथे दाबलं की व्हिडिओ कॉल. आणि हा वेगळा कॅमेरा, ह्यात रेकॉर्डिंग.”

“दोन्हींत माझंच तोंड दिसतंय.”

“दिसणारच. पण कॉलमध्ये समोरचा माणूस पण दिसतो ना.”

“असं होय,” वेणू म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून दाखवायला लावलं. एकदा नाही, चारदा.

शनिवारी दिपेश, रिद्धीचा बाप, घरीच होता. आईची शिकवणी बघत म्हणाला, “आजीला शिकवतेस ते झ्याक. स्वतःचं काय? कल्याणच्या स्थळालाही नाही म्हणालीस. तिसरं ते.”

“बाबा, आधी आजीचं गाणं होऊ दे,” म्हणत रिद्धी उठली. पाइपच्या गॅसवर तिने चहा चढवला. निळी ज्योत बारीक केली आणि तिथेच उभी राहिली.

चहा पिताना वेणूला आठवलं. “परवा चुकून फोन लागला गो एक. गॅस बदलापूर, असं लिव्हलेलं. बाई बोलली कोनतरी. मी म्हनलं, सिलिंडर नको. त ती मनाच इचारते, घसा कसा हाय म्हनून. गॅसवाले आताशा भारी मायाळू झाले.”

रिद्धीला ठसका लागला. दिपेश इतका हसला की त्याच्या बशीतला चहा लेंग्यावर सांडला.

“आजी, कुठलेही नंबर दाबत जाऊ नकोस,” रिद्धी डोळे पुसत म्हणाली.

“नाय दाबत.” वेणूने कप खाली ठेवला. “पोरी, गाते मी. डॉक्टर गाठ नेल, तिच्यासंगती गानी नको जायाला.”

रिद्धीने तिला मिठीच मारली.

“पन पाटाव बसाचा तू. नवरी समोर नसली त मना सूर लागत नाय.”

“बसते.”

“आन बटन मीच दाबीन. शिकवलंस ना?”

पाट मांडला गेला. रिद्धीने कपाटातली हिरवी ओढणी डोक्यावर घेतली, आजीच्या समाधानासाठी. फोन पितळी डब्याला टेकवून वेणूने आपल्याकडे तोंड करून ठेवला. रिद्धीला दिसत होती फक्त फोनची पाठ. वेणू बराच वेळ काहीतरी दाबत राहिली.

“लागलं का गं?”

“लागलं, लागलं. गप बस आता.” वेणूने पदर सारखा केला, फोनकडे बघून एकदा मान लववली. मग डोळे मिटले.

“हळद दळली जात्याव गो,
उन्हं उतरली मांडवाव गो…”

आवाज आधी थरथरला, मग वाट सापडल्यासारखा वर चढला. खालच्या रस्त्यावरची रिक्षा गुरगुरत गेली, तरी तो हलला नाही. दिपेश दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. लहानपणी आईच्या मांडीवर डोकं ठेवून तो कितीतरी मांडवांत असाच हे ऐकत झोपला होता.

“पाटाव बसली रिद्धी गो,
तिचे शेजारी बसला…”

वेणू थांबली. डोळे उघडले.

“नाव?”

“कुणाचंही घाल ना आजी. शेजारच्या बोक्याचं घाल.”

“बोक्याशी लगीन लावू तुजं?”

“अगं, रेकॉर्डिंग वाया जाईल. घाल काहीतरी.”

वेणू हलली नाही. सूर तसाच अर्धवट, घरभर लोंबकळत राहिला.

“मना ठावं हाय नाव,” ती हळूच म्हणाली. “पन तुज्या तोंडान ऐकाचा हाय, तुज्या बापासमोर. आटप बाय. तुज्या गॅसवाल्याची आय कवाची फोनव ताटकळलीय, तिला पुढची ओळ ऐकाची हाय.”

डब्यामागून, फोनमधून, कुणीतरी बाई खुदकन हसली.

रिद्धीने बापाकडे पाहिलं. ओढणी जरा पुढे ओढली.

“अक्षय,” ती म्हणाली.