शेडची कड

शेवटच्या रविवारी आईने मला साठच्या दशकातल्या तिच्या सागवानी खुर्चीत बसवलं आणि शेजारच्या टेबललॅम्पखाली एक पुस्तक सरकवलं. शेडची खालची कड बसणाऱ्याच्या डोळ्यांशी यावी, बल्ब दिसता कामा नये, हा तिचा नियम.

"पाहुण्यांची मापं घेतेस की काय?" माझा भाऊ आस्गर हसला.

"तुझं कधीच घेतलंय," आई म्हणाली.

मंगळवारी घरात एकटी असताना ती कोसळली. तिने आस्गरला फोन केला होता.

"म्हटलं, नेहमीचंच रडगाणं असेल, म्हणून उचललाच नाही," अंत्यविधीनंतरच्या कॉफीला तो सगळ्यांना सांगत होता.

खुर्ची आणि दिवा त्याने ऑर्हूस शहरातल्या आपल्या फ्लॅटवर नेले. काल मी तिथे त्या खुर्चीत बसले आणि दिव्याखाली पुस्तक सरकवलं, तेव्हा कड बरोबर माझ्या डोळ्यांशी होती. मग आस्गर बसला आणि त्याने डोळे झाकले. बल्ब थेट समोर होता.

त्याने पुस्तक काढलं. कड वरच राहिली. शेवटी त्याने दिवा जमिनीवर ठेवला आणि पुन्हा बसला. तरीही कड त्याच्या डोळ्यांच्या वर होती.

"सिग्ने, विझव गं तो!"

बटणापाशी गेलेला हात मी मागे घेतला.

"आई," मी मोठ्याने म्हणाले, "मी त्याला माफ केलेलं नाही. तूही करू नकोस."