निम्मी हवा

आखातातल्या उम्म अल कुवैनच्या किनाऱ्यावर लेकीला घेऊन तंबू ठोकायला आलेल्या नवरा-बायकोची गाडी वाळूत अडकली आणि भरतीचं पाणी चाकांकडे सरकू लागलं. दत्तप्रसाद जितका ॲक्सिलरेटर दाबी, तितकी चाकं रुतत. "टायरची हवा सोड," अनुराधा म्हणाली. "लांबचा प्रवास म्हणून सकाळीच टम्म भरून आणलेत!" नवरा खेकसला. "लायसन्सला पाचदा नापास झालेली मला शिकवतेय!" लाट चाकांना भिडली. मग तिने सांगणंच सोडलं आणि गुडघ्यांवर बसून चारही टायरची निम्मी हवा काढली. "यल्ला, चल उतर!" ती गरजली. तो उतरला, ती स्टिअरिंगमागे बसली. तिने हळूच गाडी हलवली. पसरट चाकांनी वाळू धरली आणि गाडी कडक जमिनीवर आली. "गो मम्मा!" शेजारच्या सीटवर येऊन बसलेली लेक ओरडली. धावत आलेल्या दत्तप्रसादने सवयीने ड्रायव्हरचं दार उघडलं. तिने ते ओढून लावलं. "मागे बस. अख्खा किनारा बाकी आहे."