पाणथळीवरची नोकरी

पाणथळीवरच्या पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या केंद्रात ती मुलाखतीला आली होती. तिच्याआधी आत जाऊन आलेला उमेदवार दोन मुलांचा बाप होता. "काही घाबरू नका, फक्त पक्ष्यांचंच विचारतात," असं तो जाता जाता सांगून गेला.

केंद्रप्रमुखांनी तिचं नऊ वर्षांचं काम मन लावून वाचलं. मग फाइल मिटत ते म्हणाले, "महिन्यातले पंधरा दिवस तळावर राहावं लागतं. घरी लहान मूल वगैरे?"

याआधी दोन ठिकाणी तिनं खरं सांगितलं होतं. दोन्हीकडचे लोक "कळवतो" म्हणाले होते, ते अजून कळवताहेत.

"नाही," ती म्हणाली.

"मग सोमवारपासून या."

बोलत बोलत प्रमुख तिला सोडायला दाराबाहेर आले. समोरच्या बाकावर तिची आई नातीला घेऊन बसली होती. चार वर्षांची पोर हात पसरून धावत सुटली, मागे साहेब दिसताच थबकली, हात खाली घेतले, आणि सकाळभर पढवलेलं जराही न चुकता म्हणाली, "मावशी, झालं का गं तुझं काम?"