डाव्या हाताची करंगळी

"एक बोट कमी आहे, वहिनी," तांगकाका म्हणाले.

समोर पांढऱ्या कापडावर मोकच्या अस्थी मांडल्या होत्या. धुतलेल्या, पुसलेल्या, पायापासून डोक्यापर्यंत जागच्या जागी. तांगकाकांचं कामच हे. कॅलिफोर्नियातल्या गावोगाव फिरायचं, काही वर्षं मातीत काढलेल्या चिनी माणसांच्या अस्थी वर काढायच्या आणि जहाजाने ज्याच्या त्याच्या गावी पोचवायच्या. परक्या मुलखात माणसाने कायमचं निजू नये, अशी रीत होती. रीतीला एक अट होती. एकही हाड मागे राहता कामा नये. राहिलं तर गावी जीव अर्धाच पोचतो, अर्धा इकडे भटकत राहतो.

"कोणतं बोट, काका?" मोकची विधवा लाय-हिंग म्हणाली.

"सगळी माती चाळली. डाव्या हाताची करंगळी नाही."

मोकने मरताना एकच मागितलं होतं, 'मला आईजवळ ठेव.' लाय-हिंगने शब्द दिला होता. मोकला जिवंतपणी आईला इकडे आणायचं होतं, पण चिनी मजुराच्या आईला या देशाची दारं बंद. म्हातारी गावाच्या वेशीवर वाट बघत बसायची. वाट बघतच गेली, आणि गावामागच्या टेकडीवर निजली. लाय-हिंगने सासूला कधी पाहिलंही नव्हतं.

वर नदीच्या बांधावर क्रॉली आपल्या लॉरीला टेकून उभा होता. नासपतीच्या बागा त्याच्या, चिन्यांची वस्तीही त्याच्याच जमिनीवर. बाहेरून आलेल्या चिन्याला इथे वीतभर जमीनही घेता येत नसे. कधी कुणाला घोटभर पाणी न विचारणाऱ्या या माणसाने आज अस्थींच्या पेट्या बंदरावर न्यायला फुकट लॉरी आणली होती. त्याला कारण होतं. कबरीवर नांगर चालवायला कायद्याची बंदी होती. बाकीच्या कबरी रिकाम्या झाल्या होत्या. मोकची शेवटची.

"आटपा लवकर!" क्रॉली वरून ओरडला. "म्हातारा घरी चाललाय, आनंद करा की! आज मेलेले निघाले, उद्या तुम्ही निघा. ज्याने त्याने आपापल्या देशात राहावं, कुणाची कटकट नाही."

लाय-हिंगची मुलगी एडना आईशेजारी उभी होती. तिचा जन्म इथलाच. ज्या देशात परत जा म्हणून तिला सांगत, तो तिने नकाशातच पाहिलेला. कालच रस्त्यात गोऱ्या पोरांनी तिला विचारलं होतं, "तुझी पेटी कुठाय गं?"

"आई, बाबा गेल्यावर इथे नासपती लावणार ते?"

"हो."

"मग आपण?"

लाय-हिंगची नजर बांधावर गेली. पुरात हा बांध फुटला तेव्हा क्रॉलीच्या बापाने चिन्यांना हाका मारल्या होत्या. मोक छातीएवढ्या पाण्यात उतरला होता. खुंट ठोकताना हात सापडला आणि करंगळी चिरडून चिखलात गेली. त्याच चिखलावर मातीचे थर चढले, बांध उभा राहिला, बागा वाचल्या. गरज सरो अन् वैद्य मरो, तशी गत. आणि आता त्याच बांधावर उभं राहून हा माणूस मोकला चालता हो म्हणत होता. लाय-हिंगच्या अंगाचा तिळपापड झाला.

"काका, करंगळी सापडली."

"कुठे?"

तिने बांधाकडे बोट दाखवलं. क्रॉलीच्या लॉरीच्या चाकाखाली.

तांगकाकांनी मान हलवली. "ती आता कशी मिळायची? बांध थोडाच फोडता येतोय? घेऊन जाऊ तसंच. एका करंगळीनं काय होतंय, वहिनी!"

"रीत तुमचीच ना? हाड मागे ठेवून माणूस नेता येत नाही. अर्धा नवरा मी कुठेही पाठवणार नाही."

"डोकं फिरलंय का तुमचं? पिढ्यान् पिढ्या सगळे घरी गेलेत!"

"म्हणून तर त्यांना वाटतं, आम्ही पाहुणे आहोत."

ती खाली बसली. हाडं तिने स्वतः कापडात गुंडाळली, मूल गुंडाळावं तशी, आणि खड्ड्यात ठेवली. मग फावडं घेतलं. एडनानेही हातांनी माती लोटायला सुरुवात केली. तांगकाका बघत राहिले.

"आणि आईजवळ ठेवायचा शब्द?" ते हळूच म्हणाले. "मरणाऱ्याला दिलेला शब्द मोडणार तुम्ही?"

"मोडत नाही." लाय-हिंगने घाम पुसला. "काका, या पेट्या गावी रिकाम्या झाल्या की जहाजातून परत कशा येतात?"

"कशा म्हणजे? रिकाम्या."

"बंदरावर पेटीला विचारतात का, तू मजुराची आई का म्हणून?"



तोवर क्रॉली बांध उतरून आला होता. बुजलेला खड्डा बघून तो लालबुंद झाला. "हे काय चाललंय? पेटी कुठाय? मी लॉरी काय शोभेला आणलीय?"

लाय-हिंगने फावडं मातीत रोवलं आणि त्याच्या डोळ्यांत डोळे घालून, त्याच्याच भाषेत सांगितलं, "आज नको, साहेब. पुढच्या वर्षी मात्र लॉरी नक्की पाठवा बंदरावर. माझ्या सासूबाई इथे राहायला येणार आहेत."