बॉडीला प्लस

मिस्त्रीने बॅटरीच्या पेटीचं झाकण उघडलं तशी बाई त्याच्या खांद्याला लागूनच उभी राहिली.

महिन्याभरात पाच मिस्त्री तिने वाटेला लावले होते. बाईचा कुणावर काडीचा विश्वास नाही, असं धक्क्यावर सगळेच म्हणत आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. वर्षापूर्वी नवरा ही बोट घेऊन गेला आणि तीन दिवसांनी नुसती बोट सापडली. एकटाच गेला होता, असं सगळे सांगत. त्याचं काय झालं एवढं कळलं असतं, तरी तिच्या जिवाचा घोर मिटला असता. तेव्हापासून बोट शेडमध्ये कुलूपबंद होती. आता ती चालू करायची होती.

"या बोटीवर आधी कधी काम केलंय?"

"छे. आज पहिल्यांदाच बघतोय."

त्याने पिशवीतून मीटरसुद्धा काढला नाही. बॅटरीच्या प्लसची तार उचलली आणि सरळ इंजिनाच्या बॉडीला नेऊन लावली. बाईने वाकून पाहिलं. आधीच्या पाचही जणांनी बॉडीला मायनस जोडली होती. सगळ्या बोटींवर तीच रीत.

"उलटं नाही ना होत?"

"बाई, हे काम तुमचं की माझं?"

"बोट माझी आहे. काही जळलं म्हणजे?"

मिस्त्री हसला. असली गिऱ्हाइकं त्याने पुष्कळ पाहिली होती. "जळू नये म्हणूनच तर. वायरलेसचा सेट जुन्या पद्धतीचा आहे, त्याला बॉडी प्लसच लागते. मायनस जोडून स्विच दाबलात, की निघालाच धूर."

"बाकीच्यांना कसं नाही कळलं हे?"

"डोकं लागतं त्याला."

"खरंय," बाई म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज नरमला. "उगीच संशय घेत होते मी."

मिस्त्री खुशीत नट आवळू लागला. बाई शेडच्या दाराशी गेली, आतून कडी घातली आणि बोटीच्या केबिनकडे वळली.

"हवालदारसाहेब, या आता बाहेर. तो सेट माझ्या नवऱ्याने निघायच्या सकाळी बसवला होता, आणि बोट सापडली त्याच दिवशी मी तो काढून घरी नेला."