बाजूचे डोळे

स्टुलाच्या पायाशी रोबोट उलथून पडला होता आणि त्याची चाके हवेत निरर्थक फिरत होती.

मुलीने वाकून खटका बंद केला. रविवारी कॉलेजची स्पर्धा होती. कशालाही एकदा धक्का लागला, की बाद. वर्षभराची मेहनत त्या एका स्पर्शावर टांगलेली.

"कॅमेराच लावू या, बाबा. समोर एकच, पण चांगला."

"समोरचं काय, कुणालाही दिसतं." वडील निळ्या गणवेशाची बटणे लावत होते. "घात होतो तो बाजूने. दोन्ही बाजूंना प्रतिध्वनीचे सेन्सर लाव. आवाज सोडायचा, तो परत आला, की समजायचं, कुणीतरी आहे."

"तुम्ही तर कविताच करायला लागलात."

"गरज पडली की माणूस काहीही करतो, बाईसाहेब."

तिने खोका उघडला. "चार आणले होते ना? इथे दोनच आहेत."

"दोन बिघडलेले निघाले," ते म्हणाले, आणि बटण चुकल्यासारखे पुन्हा पहिल्यापासून लावू लागले.

प्रत्येकी दोन गोल, चंदेरी डोळ्यांचे ते दोन सेन्सर तिने रोबोटच्या कुशींना बसवले, वर छोटासा बझर जोडला आणि त्याला सोडले. स्टूल बाजूला येताच रोबोट बारीक आवाजात पिपाणीसारखा वाजला, अंग चोरून वळला आणि अलगद पुढे निघून गेला. वडील कौतुकाने उठले, दाराकडे वळले, आणि त्याच स्टुलाला अडखळले.

"त्याला दिसलं, तुम्हाला नाही!" ती हसली.

तेही हसले, किंचित उशिरा. "तो नवा, मी जुना माल." नडगी चोळत ते कामाला निघाले. पाण्याची बाटली टेबलावरच राहिली.

ती बाटली घेऊन धावत खाली गेली. फाटकाबाहेर कोवळे, स्वच्छ ऊन पडले होते. वडील गाडीच्या आरशाखाली काळी पट्टी अंगठ्याने दाबून बसवत होते. ती त्यांच्या बाजूला, अगदी खांद्याशी जाऊन उभी राहिली. त्यांची नजर समोर, आरशावरच होती. तिने बाटली पुढे केली, हलवली. ते वळले नाहीत.

तिचा हात आरशाखालून गेला, तोच गाडीच्या आत काहीतरी पिपाणीसारखे वाजले.

ते दचकून वळले.

काळ्या पट्टीच्या मधोमध दोन गोल, चंदेरी डोळे तिच्याकडे रोखलेले होते. पलीकडच्या आरशाखालीही तशीच पट्टी होती.

"बाबा," तिचा आवाज तिलाच परका वाटला, "बाजूचं तुम्हाला कधीपासून दिसत नाही?"

त्यांनी बाटली घेतली. मग फाटकाशीच चढलेल्या, खिडक्यांतून हात हलवणाऱ्या मुलांनी भरलेल्या त्या गाडीला, त्या शाळेच्या बसला वळसा घालत, एक तळवा बसच्या पत्र्यावरून फिरवत, ते चालकाच्या दाराकडे निघून गेले.